काचेवरील शाई

(राई व भाईंदर परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



परिसर अभ्यासाचा पाठ पुस्तकात सुरू होतो. परंतु तो पुरा होतो शाळेच्या आवाराबाहेर. राई, मुर्धा वा मोर्वा येथील मूल सकाळी शाळेत येते तेव्हा वाटेत त्याच्या दृष्टीस किती तरी काचा पडतात. बसच्या काचेच्या कडेला काळी पट्टी असते आणि पट्टीच्या आतल्या बाजूस बारीक होत गेलेले ठिपके असतात. दुकानाच्या काचेच्या दारावर नाव छापलेले असते. मोबाइलच्या दुकानात 'टेम्पर्ड ग्लास' मिळते, तिच्या कडाही काळ्या असतात. घरी काचेच्या पाठीची गॅसची शेगडी असेल, तर तीवर फुले व कंपनीचे नाव उमटविलेले असते. शेगडी रोज पुसली जाते, तीवर दूध उतू जाते, आमटी सांडते; तरी ती फुले जात नाहीत. उलट पाटीवर लिहिलेले अक्षर बोटाने पुसले जाते आणि वहीवरील शाई पाण्याच्या थेंबाने पसरते. मग काचेवरील ही शाई आहे तरी कसली, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला, तर त्यास उत्तर देण्याची तयारी शिक्षकाने ठेविली पाहिजे. या प्रश्नात विज्ञान तर आहेच. पण त्यात त्या मुलाच्या घरच्या माणसांच्या आरोग्याचा आणि गावालगतच्या खाडीच्या पाण्याचाही संबंध आहे.

शाईविषयीचा जुना प्रश्न

शाई कशात कालविली आहे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पोथ्या हातांनी लिहिल्या जात त्या काळी दिव्याची काजळी धरून, ती डिंकाच्या पाण्यात पुष्कळ वेळ खलून शाई करीत आणि बोरूने लिहीत. काजळी हा रंग, डिंक हा त्यास कागदाशी जखडणारा बंधक आणि पाणी हे त्या दोहोंस वाहून नेणारे वाहन. शाई कोणतीही असो, तिची ही तीन अंगे ठरलेली आहेत: रंग, बंधक आणि वाहन. विद्यार्थ्यांनी एवढी त्रयी ध्यानात ठेविली, तरी पुढचा सर्व विषय त्यांस सुगम होईल.

पुढे छपाई आली आणि वाहन बदलले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली शिळाप्रेसवर पहिले छापील मराठी पंचांग काढले. छपाईची शाई त्यांनी स्वतःच्या खटपटीने सिद्ध केली होती. छापण्याची शाई पाण्याची नसून स्निग्ध पदार्थांची असे. त्या काळी तीत चरबी असते या शंकेने पुष्कळ धार्मिक लोक छापील पोथीस शिवत नसत. ती शंका निवारण्यासाठी तुपात शाई खलून धर्मग्रंथ छापल्याची हकीगत मुद्रणाच्या इतिहासात नमूद आहे. त्या वेळी प्रश्न सोवळ्याचा होता. आज तोच प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने विचारावयाचा आहे: ही शाई कशात कालविली आहे, आणि ते वाहन उडून गेल्यावर जाते कोठे?

कठीण केलेली काच

काचेचा धंदा महाराष्ट्रात शतकाहून अधिक काळ रुजलेला आहे. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे 1908 साली काच कारखाना निघाला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे 1916 साली ओगले काच कारखाना स्थापन झाला व त्याचा 'प्रभाकर' कंदील खेडोपाडी पोहोचला. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या वडीलधाऱ्या माणसांस एक अनुभव खचित असेल: तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला, की काच तडकन फुटे. थेंब पडलेली जागा एकदम आकसे, भोवतालची काच मात्र तापून फुगलेलीच राही. त्या ताणाने तडा जाई.

नवल असे, की ज्या आकस्मिक गारव्याने कंदिलाची काच फुटते, त्याच गारव्याने काच बळकटही करता येते. मात्र तो गारवा सर्व पृष्ठभागास एकाच वेळी व सारखा लागला पाहिजे. बाजारात जिला 'टफन' किंवा 'टेम्पर्ड' काच म्हणतात, ती करताना साधी सपाट काच भट्टीत सुमारे 620 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात आणि लगेच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर आधी घट्ट होतो. आतला गाभा मागाहून थंड होऊन आकसू लागतो व वरच्या थरास आत ओढतो. अशा रीतीने पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. चीर पडावयास पृष्ठभाग ताणला जावा लागतो. येथे तो आधीच दाबलेला असल्याने चीर सहजासहजी पडत नाही. म्हणून ही काच साध्या काचेच्या चारपाच पट बळकट असते, आणि फुटलीच तर तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे न होता बारीक खडे होतात. मोबाइलवरची पातळ काच पुष्कळदा वेगळ्या रीतीने बळकट करतात. ती सुमारे 400 अंशांवर वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटात बुडवितात; काचेतील सोडियमचे लहान कण बाहेर पडून त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण शिरतात, आणि पृष्ठभाग दाटीने दाबला जातो.

अशा काचेचा एक कडक नियम आहे. एकदा ती बळकट झाली, की तिला कापता येत नाही वा भोक पाडता येत नाही. दाब आणि ताण यांचा तोल ढळला, की सबंध काचेचा चुरा होतो. म्हणून कापणे, भोके पाडणे, कडा घासणे ही सारी कामे आधी उरकावी लागतात. छपाईचेही बहुधा तसेच आहे.

शाईच्या दोन जाती

काचेवर छपाई मुख्यतः जाळीने, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगने करतात. चौकटीवर ताणून बसविलेल्या बारीक जाळीची नको ती छिद्रे बंद केलेली असतात; उरलेल्या छिद्रांतून रबराच्या पट्टीने शाई खाली दाबली जाते. अलीकडे संगणकाच्या आज्ञेने शाईचे सूक्ष्म थेंब काचेवर उडविणारी यंत्रेही आली आहेत. पद्धत कोणतीही असली, तरी शाईच्या जाती दोनच.

पहिली जात भट्टीत भाजावयाच्या शाईची. हिच्यात रंगाबरोबर काचेचीच अत्यंत बारीक पूड असते. तिला धंद्यात 'फ्रिट' म्हणतात. ही शाई साध्या काचेवर छापून वाळवितात आणि मग तीच काच बळकट करण्याच्या भट्टीत घालतात. तेथे पूड वितळून खालच्या काचेशी एकजीव होते. काच बळकट होणे आणि छाप कायम होणे ही दोन्ही कामे एकाच आचेवर साधतात. बसच्या काचेवरील काळी पट्टी अशीच भाजलेली असते. ती शोभेची नव्हे. काच ज्या चिकट द्रव्याने गाडीस बसविलेली असते, ते द्रव्य उन्हातील अतिनील किरणांनी कमजोर होऊ नये म्हणून ती पट्टी त्यावर सावली धरते.

दुसरी जात आधीच बळकट झालेल्या काचेवर छापावयाच्या शाईची. येथे भट्टीची प्रखर आच चालत नाही. काच फार तापली तर तिच्यातील दाब निघून जाईल व तिची बळकटी नाहीशी होईल. म्हणून या शाईत काचेच्या पुडीऐवजी रेझिनचा बंधक असतो, आणि तो बहुधा 200 अंशांच्या आतच भाजून पक्का करतात. काच आणि रेझिन यांचे सहसा जमत नाही. सबब सिलेन नावाची संयुगे मध्यस्थ म्हणून घालतात. त्यांचे एक टोक काचेशी जोडले जाते आणि दुसरे रेझिनशी.

वाहन बदलण्याचे कारण

या दोन्ही जातींची वाहने फार काळ तेलाची अथवा थिनरची होती. थिनर लवकर उडतो, काचेवर सहज पसरतो, म्हणून कारागिरास तो सोयीचा वाटतो. परंतु उडालेला थिनर नाहीसा होत नाही. बंद गाळ्यात तो प्रथम कामगाराच्या श्वासात जातो. डोके दुखणे, घेरी येणे, डोळे चुरचुरणे हे त्याचे प्रथमचे परिणाम होत. तेथून तो बाहेरच्या हवेत मिसळतो, आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी उन्हात त्याचा संयोग होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर जो ओझोन आपले रक्षण करतो, तोच जमिनीलगत फुप्फुसांस अपायकारक ठरतो. शिवाय थिनर ज्वालाग्राही आहे. दाटीवाटीच्या औद्योगिक वसाहतीत एका ठिणगीने अनर्थ ओढवू शकतो.

म्हणून वाहन पाण्याचे असावे, असा प्रयत्न सुरू झाला. पुडीच्या शाईसाठी पाण्यात मिसळणारी व पाण्यानेच धुता येणारी माध्यमे निघाली. रेझिनच्या शाईसाठी पाण्यात सूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगणारे रेझिन निघाले. एका अर्थी काजळी, डिंक आणि पाणी यांच्या जुन्या वाटेवरच हा धंदा पुन्हा आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ही वाट सोपी नाही. तिच्यात तीन अडचणी आहेत, आणि तिन्ही राईच्या मुलांस समजतील अशा आहेत.

पहिली अडचण पसरण्याची. पाण्याचा पृष्ठताण 25 अंश तापमानास दर मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. पुष्कळशा थिनरांचा 25 ते 30 च्या आसपास असतो. त्यामुळे काचेवर जरा तेलकटपणा राहिला, की पाणी अळूच्या पानावरल्याप्रमाणे गोळा होते आणि छाप तुटक येतो. अगदी स्वच्छ काचेवर मात्र पाणी चांगले पसरते. सबब पाण्याची शाई वापरणाऱ्याने काच निर्मळ धुतली पाहिजे, हा पहिला धडा.

दुसरी अडचण वाळण्याची. मिठागरात खारे पाणी उन्हात आटते आणि मीठ मागे राहते. शाई वाळते तीही याच न्यायाने. पाणी जाते, रंग आणि बंधक मागे राहतात. परंतु पाणी सहज जात नाही. उकळत्या एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे 2260 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच अल्कोहोलास सुमारे 840 पुरतात. शिवाय हवा दमट असली, की पाणी लवकर उडत नाही. पावसाळ्यात मिठागर बंद का राहते, हे ज्या मुलास ठाऊक आहे, त्यास समुद्राकाठच्या गाळ्यात पाण्याची शाई पावसाळ्यात उशिरा का वाळते, हे निराळे सांगावे लागणार नाही. तेथे गरम हवेचा झोत द्यावा लागतो व त्यास वीज लागते. हा खर्च झाकून ठेवण्याचे कारण नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. छापताना शाईने पाण्यात सुखाने राहिले पाहिजे. पण एकदा वाळल्यावर तिने पाण्यास मुळीच दाद देता कामा नये. डिंकाची शाई येथेच हरते. पुडीच्या शाईत हे काम भट्टी करते: माध्यम जळून जाते व पूड वितळून काच होते. रेझिनच्या शाईत भाजताना रेझिनच्या साखळ्या एकमेकींत गुंतून जाळे बनते, आणि ते जाळे पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जेथे हे भाजणे अपुरे राहते, तेथे छाप ओल्या फडक्यासरशी निघतो.

नाव पाण्याचे, पण अंगे तीन

येथे शिक्षकाने विद्यार्थ्यांस सावध करावयाचे आहे. 'पाण्याची शाई' हे शब्द ऐकून ती पाण्यासारखीच निरुपद्रवी असेल, असा समज होतो. तो बरोबर नाही. शाईची तीन अंगे आहेत, आणि पाण्याने त्यांपैकी एकच बदलले आहे. रंग आणि बंधक काय आहेत, हे तपासावयाचे उरतेच.

काचेची पूड कमी आचेवर वितळावी आणि तिला चकाकी यावी, म्हणून पूर्वी तिच्यात शिसे घालण्याचा सर्रास प्रघात होता. काही तांबड्या-पिवळ्या रंगांत कॅडमियम असे. आज शिशाऐवजी बिस्मथ व जस्त यांचे ऑक्साइड घातलेली पूड मिळते. तथापि 'पाण्याची' असे लिहिलेली शाई शिसेरहित असेलच, असे नाही. त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक आहे, आणि रक्तातील शिशाचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. भारत सरकारने 2016 साली नियम करून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असू नये असे ठरविले, आणि तो नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. परंतु तो नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरता आहे. कारखान्यातील काचेच्या शाईचा डबा घेताना त्यावरील मजकूर वाचणे व पुरवठादाराकडून लेखी माहिती मागणे हे घेणाऱ्याचेच काम आहे.

तीच गोष्ट धुण्याच्या पाण्याची. थिनरची शाई असताना जाळी थिनरने पुसावी लागे. पाण्याची शाई आली, की जाळी नळाखाली धरून धुण्याचा मोह होतो. त्या धुवणात काचेची पूड असते, रंगद्रव्य असते. पुष्कळसे काळे रंग तांबे आणि क्रोमियम यांच्या ऑक्साइडांचे असतात. शाई नासू नये म्हणून घातलेली जंतुनाशके असतात. ते पाणी गटारात गेले, की गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. या परिसराच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि मधून तिवरांचे रान व मिठागरे आहेत. तिवरांच्या मुळांशी चिखल साठतो, त्याबरोबर धातूही साठतात. आणि त्याच मुळांच्या आसऱ्याने मासळीची पिल्ले व कोळंबी वाढतात. हवेतले विष काढून ते पाण्यात टाकले, तर सुधारणा झाली असे म्हणता येणार नाही. नुसती जागा बदलली. पाण्यात कालविलेली शाई पाण्यात सोडावयाची नसते, हे या भाषणाचे सार होय.

उपाय कठीण नाहीत. जाळीवर उरलेली शाई आधी खरवडून डब्यात परत घ्यावी. पहिले धुवण पिंपात साठवावे, गाळ बसू द्यावा, निवळ पाणी पुढच्या धुण्यास पुन्हा वापरावे, आणि गाळ वाळवून घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावा. ज्या मुलांचे पालक अशा कामास जात असतील, त्यांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावे, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि पूड कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. कामाच्या कपड्यांवरून पूड घरात येते व रांगत्या मुलाच्या तोंडी जाते, एवढे पालकसभेत सांगितले तरी पुष्कळ कार्य होईल. ज्या जुन्या छापील पेल्याचा रंग निघू लागला आहे, तो लहान मुलास पिण्यासाठी देऊ नये, हेही त्याच वेळी सांगावे.

वर्गात करावयाचे प्रयोग

या पाठास खर्चिक साहित्याची गरज नाही. मात्र बळकट केलेली काच फोडून दाखविण्याचा प्रयोग वर्गात कदापि करू नये. तिचे खडे डोळ्यांत उडतात.

पहिला प्रयोग. काचेचे दोन पेले घ्यावे. एक साबणाने स्वच्छ धुवावा. दुसऱ्यास बाहेरून खोबरेल तेलाचे बोट लावावे. दोहोंवर पाण्याचा एकेक थेंब सोडून तो पसरतो की गोळा होतो, हे मुलांकडून पाहवावे.

दुसरा प्रयोग. दिव्याची काजळी शिक्षकाने स्वतः धरावी. थोडी काजळी नुसत्या पाण्यात व थोडी डिंकाच्या पाण्यात खलावी. दोन्ही शायांनी स्वच्छ पेल्यावर रेघ ओढून ती वाळू द्यावी. कोरड्या बोटाने घासताच पहिली रेघ जाईल, दुसरी टिकेल. ओले बोट लावताच दुसरीही जाईल. बंधकाचे महत्त्व आणि भाजण्याची आवश्यकता या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगाने मनावर ठसतात.

तिसरा प्रयोग. दोन बरण्यांत मातीचे गढूळ पाणी घ्यावे व दोहोंत चिमूटभर मीठ विरघळवावे. एका बरणीत तुरटी फिरवावी. तिच्यातील गाळ लवकर खाली बसेल. मग मुलांना विचारावे: वरचे पाणी निवळ दिसते, पण ते गोडे झाले काय? खारे पाणी निवळ असूनही खारेच असते, हे या परिसरातील मुलांस सांगावे लागत नाही. 'दिसते ते स्वच्छ' आणि 'असते ते स्वच्छ' यांतील भेद त्यांस येथे उमगेल. प्रयोगातील पाणी कोणी चाखणार नाही, याची दक्षता शिक्षकाने घ्यावी.

प्रयोगानंतर मुलांनी वहीत तीन स्तंभ आखावे: हवेत काय गेले, पाण्यात काय गेले, हातास काय लागले. आधी शाईसाठी, मग घरातील रंग, फिनेल, कीटकनाशक अशा कोणत्याही वस्तूसाठी हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यांस लागावी. उत्तर प्रत्येक वेळी मिळेल असे नाही. परंतु प्रश्न विचारण्याची सवय लागली, की मूल डब्यावरील मजकूर वाचू लागते, आणि त्याचे पाहून घरची माणसेही वाचू लागतात.

शेवटी एक विनंती. हा पाठ देताना कारखान्याविषयी भीती अथवा कारागिराविषयी अनादर मुलांच्या मनात निर्माण होऊ देऊ नये. ज्या हातांनी काचेवर इतके रेखीव अक्षर उमटते, ते हात कौतुकासच पात्र आहेत. त्याच हातांचे रक्षण व्हावे म्हणून हा सारा खटाटोप आहे. वर्गातील एखाद्या मुलाचा बाप अशा कामातील जाणकार असेल, तर त्यास एक दिवस शाळेत बोलवावे, खुर्ची द्यावी आणि त्याचे काम त्याच्याच तोंडून मुलांस ऐकवावे. मुले आपले तीन प्रश्न त्यास विचारतील. त्या दिवशी परिसर अभ्यासाचा पाठ खऱ्या अर्थाने पुरा होईल.